शिबिर झालं, आता पुढे काय?

प्रश्न : आमच्या वस्तीत चारेकशे घरं आहेत. महिला मंडळानं गेल्या वर्षी बीपी-शुगरचं शिबिर घेतलं. दीडशे माणसं आली, पण आज नेमानं गोळी घेणारे दहाही नसतील. पुन्हा शिबिर घ्यावं का?

उत्तर : नको. शिबिराची जुनी वही काढा. बीपीचा वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे गेलेल्यांची गल्लीवार यादी करा आणि त्यांच्याच घरी जा. संध्याकाळी सातनंतर, पाणी यायची वेळ टाळून. दुपारी गेलात तर कामावरची माणसं भेटणारच नाहीत.

एकदा मोजून कुणाला रुग्ण ठरवू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. मनगटाचं नव्हे, दंडाचं मशीन घ्या. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मिश्री नको. मिश्रीचं मुद्दाम विचारा, कारण बायका तिला तंबाखूत धरत नाहीत. लघवीला जाऊन आल्यावर पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसवा. दंड उघडा, हात छातीच्या उंचीवर, बोलणं बंद. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा खोटाच वाढतो. एका मिनिटानं पुन्हा मोजून दोन्ही आकडे लिहा. १८०/११० किंवा त्यापुढे असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. सोबत छातीत दुखणं, धाप किंवा एक बाजू लुळी पडणं असेल तर १०८ ला फोन करा.

वहीत सगळ्यात मोलाचा रकाना ‘गोळ्या कधी संपणार’ हा. त्याच्या तीन दिवस आधी आठवण करा. तारीख उलटून आठवडा झाला तर घर गाठा. रागावू नका, कारण विचारा. बहुतेकदा ‘बरं वाटलं म्हणून सोडली’ असंच ऐकू येईल. काहींचे पाय अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीनं सुजतात आणि ते कुणाला न सांगता गोळी बंद करतात. डॉक्टर ती बदलून देऊ शकतात. दवाखान्याच्या वेळेत गेलं की रोजगार बुडतो, हे कारणही खरंच आहे. म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा आणि आजार आटोक्यात असलेल्यांना एकदम महिन्याच्या गोळ्या मागा.

हे आशाताईंना सोबत घेऊनच करा. शहरी आरोग्य अभियानात ५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती धरली आहे आणि तिला वर्षाला ५,००० रुपयांचा निधी आहे. तुमच्याकडे चार ते आठ समित्या बसतात. आधीच असतील तर त्यांतच सामील व्हा, वेगळी चूल मांडू नका.

प्रश्न : त्याच माणसाची शुगर आमच्या मशीनवर पाच मिनिटांत वेगवेगळी येते. असं का?

उत्तर : थोडा फरक चालतो. मोठा असेल तर आधी बोटं बघा. गूळ, फळ, चहा लागलेलं बोट आकडा फुगवतं. साबणानं हात धुऊन कोरडे करा, पहिला थेंब पुसा, दुसरा घ्या. स्ट्रिपची डबी उघडी राहिली की दमट हवेनं स्ट्रिपा बिघडतात. डबी उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. सुई दर माणसाला नवी, आणि वापरलेली जाड प्लास्टिकच्या बंद डब्यात टाकून दवाखान्यात जमा करायची.