निश्चयक (एकसामयिक रेषीय समीकरणांतल्या चलांच्या सहगुणकांवरून काढलेली संख्या) शून्य आला म्हणजे समीकरणांना उकलच नसते का?

नाही, उकल एकमेव नाही एवढंच त्यातून कळतं. ती मुळीच नसेल किंवा अनंत असतील. समजा, शाहूपुरीत २ किलो गूळ आणि १ किलो शेंगदाण्याचे २६० रुपये झाले. त्याच दराने ४ किलो गूळ आणि २ किलो शेंगदाण्याचे ५२० सांगितले, तर नवीन काहीच कळलं नाही: उकली अनंत. ५०० सांगितले तर दोन्ही ओळी एकमेकींना खोटं पाडतात. निश्चयक मात्र दोन्ही वेळा २×२ − १×४ = ०. म्हणून शिकवताना मी उजवीकडच्या रकमांचा स्तंभ मॅट्रिक्सला (सहगुणकांच्या चौकटीला) जोडून दुसऱ्या ओळीतून पहिलीची दुप्पट वजा करायला सांगतो; ० = ० किंवा ० = −२० समोरच दिसतं. तीन चलांत सांभाळा: क्रेमरच्या पद्धतीत (निश्चयकांच्या भागाकाराने उकल काढतात ती) लागणारे चारही निश्चयक, म्हणजे मूळचा एक आणि प्रत्येक चलाचा एकेक, शून्य असूनही उकल नसू शकते, उदाहरणार्थ तिन्ही चलांची बेरीज एकदा १, एकदा २, एकदा ३ दिलेली असेल तर.