देव प्रेमळ आहे, तर त्याने माणसाला त्याला नाकारण्याची मोकळीक का दिली?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. देवाचं प्रेम इतकं मोठं असेल तर 'नाही' म्हणायची मोकळीक त्याने ठेवलीच का, आणि ठेवली तर नाकारणाऱ्याला शिक्षा का? दुसऱ्यावर मी थोडंच लिहीन. पहिला प्रश्न माझ्या घरातला आहे.

'मोकळीक नसती तर आपण यंत्रं झालो असतो' हे उत्तर तुम्हाला भरपूर मिळेल. मला ते पुरेसं वाटत नाही. स्वर्गात पाप नसेल असं आपण मानतो, मग तिथले लोक यंत्रं का? चौथ्या-पाचव्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन, त्याच्या मते तर पाप करताच न येणं हेच सर्वांत मोठं स्वातंत्र्य. म्हणजे नुसती निवड करता येणं हे काही शेवटचं ध्येय नाही.

मला उत्तर मिळतं ते बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, दहाव्या अध्यायात. एक श्रीमंत माणूस येशूपुढे गुडघे टेकतो आणि सार्वकालिक जीवनाबद्दल विचारतो. येशूला त्याच्याविषयी प्रेम वाटलं, असं मार्क आवर्जून लिहितो. आणि त्याच दमात येशू त्याच्याकडे असं काही मागतो, जे त्याला देववत नाही. तो खिन्न होऊन निघून जातो. येशू त्याच्या मागे धावत नाही, अट सैल करत नाही आणि शापही देत नाही. प्रेम कमी पडलं म्हणून त्याला जाऊ दिलं, असं मला कुणीही पटवू शकणार नाही.

माझी मुलगी कॉलेजात असताना तिने उपासनेला येणं थांबवलं. भांडून नाही. "माझा विश्वास राहिलेला नाही, प्रभुभोजन खोटेपणाने घ्यायचं नाही," एवढंच म्हणाली. प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत उपासनेत घेतली जाणारी भाकर आणि द्राक्षरस. माझा मोठा भाऊ चर्चच्या मंडळीत मान असलेला माणूस. तो म्हणाला, तिची फी बंद कर, महिनाभरात बाकावर येऊन बसेल. मी नाही म्हटलं. मग त्याने लूकच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय काढला. तिथे येशूच्या एका दाखल्यात, आमंत्रितांनी येणं नाकारल्यावर मेजवानीचा धनी दासाला सांगतो, लोकांना आग्रहाने आत आण, माझं घर भरू दे. मुलगी तिथेच होती. तिने विचारलं, "मामा, विश्वास नसताना भाकर घेऊ?" दादा म्हणाला, "घे. सवयीने विश्वास येतो."

हे मला तेव्हाही मान्य नव्हतं, आजही नाही. माणसाने आपली परीक्षा करावी आणि मगच भाकर खावी, असं येशूचा प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला पत्रात सांगतो. त्या दिवशी आमच्या घरात पौलाचं ऐकणारी ती एकटीच होती.

दादाचा युक्तिवाद जुना आहे. उत्तर आफ्रिकेत मुख्य चर्चपासून फुटलेल्या दोनातिस्त या ख्रिस्ती पंथाशी झगडताना ऑगस्टीन आधी बळजबरीच्या विरोधात होता. पुढे शाही कायद्यांच्या धाकाने माणसं परत येताना त्याने पाहिली, आणि 408 च्या सुमारास एका पत्रात लूकचं हेच वचन पुढे केलं. नंतर शतकानुशतकं छळ करणाऱ्यांनी ते वापरलं. इतक्या मोठ्या माणसाबद्दल बोलते आहे हे मला कळतं, पण इथे तो चुकला. दाखला नीट वाचा. ज्यांना आमंत्रण होतं आणि ज्यांनी शेत, बैल, बायको अशी कारणं सांगितली, त्यांना कुणी ओढून आणत नाही. आग्रह होतो तो रस्त्यावरच्या परक्यांना, ज्यांना आपल्याला कुणी बोलावेल असं स्वप्नातही वाटलं नसेल.

दादा म्हणतो, मग पुढचं वचनही वाच, नाकारणाऱ्यांना मेजवानीची चवसुद्धा मिळणार नाही. वाचलं आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर तिथेच आहे: बाहेर राहणं हीच ती शिक्षा. ते भयंकर आहे, म्हणूनच लूकमधल्याच उधळ्या पुत्राच्या गोष्टीत बाप, परतलेल्या धाकट्यासाठी मेजवानी दिली म्हणून रुसलेल्या थोरल्यासाठीही अंगणात येऊन विनवतो. विनवतो, हात धरून खेचत नाही. थोरला आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही.

काही गोष्टी राहिल्या. मोकळीक म्हणजे आपण आपल्या जोरावर देवाकडे जातो, असं मी म्हणत नाही. पहिलं पाऊल कृपेचंच असतं, हे 529 च्या ऑरेंजच्या धर्मसभेपासून स्पष्ट आहे. पौलाच्या रोमकरांस पत्राचा नववा अध्याय, जिथे दया कुणावर करायची हे देवच ठरवतो, माझ्या मताला जड जातो, तो मी लपवत नाही. कृपा आणि इच्छा यांचा मेळ कसा बसतो यावर डोमिनिकन आणि जेझुइट हे कॅथलिक चर्चमधले दोन संन्यासी संघ इतके भांडले की 1607 मध्ये पाचव्या पॉल पोपनी निकाल न देताच चर्चा थांबवली आणि एकमेकांना पाखंडी म्हणू नका असं बजावलं. तेवढं सौजन्य घरातही हवं. लहान मुलांना मात्र उपासनेला न्यावंच, मी मोठ्यांबद्दल बोलते आहे. आणि बाळाचं आजारपण किंवा भूकंप यांचा उलगडा मोकळीकीने होत नाही. तुमचा प्रश्न तशा दुःखातून आला असेल, तर हे उत्तर त्यासाठी नाही.

पण घरातलं कुणी विश्वास सोडून गेल्यामुळे विचारत असाल, तर पैसा, जेवण, बोलणं यांतलं काहीही अडवून धरू नका. प्रार्थना करा, आणि त्यांनी विचारलं तर तुमचा विश्वास न लाजता सांगा. माझी मुलगी अजून परतलेली नाही. दादा ते माझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून दाखवतो. तो श्रीमंत माणूस निघून गेल्यावर शिष्यांनी विचारलं होतं, मग तारण कुणाचं होणार? येशू म्हणाला, देवाला सर्व शक्य आहे. दादाने ते वचनही वाचावं.