१६व्या वर्षी फुटबॉल क्लबच्या अकादमीने (युवा प्रशिक्षण संघाने) काढून टाकलं, तर व्यावसायिक फुटबॉलपटू होता येतं का?

हो, येतं, पण त्यानंतरही दर आठवड्याला स्पर्धात्मक सामने खेळत राहिलात तरच. इंग्लंडचा फुटबॉलपटू जेमी वार्डी याला शेफील्ड वेन्सडे या क्लबने १६व्या वर्षी सोडलं. मग तो स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स या छोट्या क्लबकडून खूप खालच्या लीगमध्ये खेळला, सोबत कारखान्यात नोकरी. लेस्टर सिटी या क्लबने २०१२मध्ये घेतलं तेव्हा तो २५ वर्षांचा होता. आणि तिथला पहिला हंगाम इतका खराब गेला की फुटबॉल सोडावा असं त्याला वाटू लागलं; प्रशिक्षकांनी समजावून थांबवलं. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण आत्मविश्वास त्याचाही डळमळला होता. २०१६मध्ये तो लेस्टरसोबत प्रीमियर लीग (इंग्लंडची सर्वोच्च लीग) विजेता झाला, २०१९-२०मध्ये २३ गोलांसह ‘गोल्डन बूट’चा (लीगमधल्या सर्वाधिक गोलांच्या पुरस्काराचा) मानकरी. मात्र अशी उदाहरणं मोजकीच आहेत, त्यामुळे शिक्षण किंवा नोकरी सोडू नका.