ईम गावचं चर्च बघायला जाताय? मग आधी हे वाचा

अरे डर्बीशायरमधलं ईम पाहायला निघालायस ना, तर थेट प्लेगची पाटी शोधू नकोस, सगळे तेच करतात. (१६६५-६६च्या प्लेगमध्ये साथ बाहेर पसरू नये म्हणून या गावाने स्वतःला कोंडून घेतलं होतं.) आधी सेंट लॉरेन्स चर्चच्या आवारातला सॅक्सन काळातला दगडी क्रॉस बघ, तो प्लेगच्या कितीतरी शतकं आधीचा आहे. जवळच कॅथरीन मॉम्पेसनची कबर आहे, १६६६च्या ऑगस्टमध्ये गेली, तिचा नवरा विल्यम तिथला पाद्री. पण लोक सगळं श्रेय एकट्या विल्यमला देतात ते मला पटत नाही, आधीचा पाद्री थॉमस स्टॅनली, ज्याला धर्माच्या भानगडीत पद सोडावं लागलं होतं, तो सोबत उभा राहिला म्हणून गावाने त्या नवख्याचं ऐकलं आणि हद्द बंद केली, प्रार्थनासुद्धा चर्चबाहेर ककलेट डेल्फच्या दरीत.

आता कामाचं. जुन्या नोंदी चाळणार असशील तर, इंग्लंडमध्ये पॅरिश रजिस्टर, म्हणजे चर्चची बाप्तिस्मा-लग्न-दफनाची नोंदवही, १५३८पासून ठेवायचा हुकूम होता, पण सगळीकडे तेवढी जुनी टिकलेली नाहीत. आणि १७५२च्या आधी तिकडे नवीन वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे रजिस्टरमध्ये फेब्रुवारी १६६५ दिसलं तर आपल्या हिशेबाने ते १६६६, इथे नवीन माणूस हमखास फसतो आणि मग बाप मेल्यावर वर्ष उलटून गेल्यावर पोरगं जन्मल्यासारखं दिसतं. वहीत दोन्ही सालं लिही, १६६५/६६ असं.

मृतांचा आकडा साधारण २६० सांगतात, त्यावर वाद आहेत, छातीठोक लिहू नकोस. आणि गावाबाहेरचा बाउंड्री स्टोन, म्हणजे हद्दीचा दगड, चुकवू नकोस, त्याच्या भोकांत व्हिनेगर घालून बाहेरून येणाऱ्या सामानाचे पैसे ठेवायचे म्हणतात. बूट मात्र चांगले घाल, वाट चिखलाची असते.