अ‍ॅपमध्ये आयर्न रोज लाल दिसतंय, मग गोळी सुरू करू का?

आहार सल्ल्याला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणींचा हल्ली हाच प्रश्न असतो. एका ताईंची केस सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. वय पस्तिशीच्या आतबाहेर, मूळच्या सोलापूरच्या, नोकरी पुण्यात, शाकाहारी. मोबाईलमधल्या अ‍ॅपवर रोजचं खाणं भरायच्या आणि त्यात आयर्नचा रकाना कायम लाल, 59 टक्के. "मॅडम, मी भाकरी खाते, पालेभाजी खाते, तरी रोज नापासच." घाबरून त्यांनी मेडिकलमधून 60 मिलिग्रॅमची आयर्नची गोळी आणली, शिवाय कॅल्शियमची, आणि दोन्ही एकदमच, नाश्त्याच्या चहासोबत घ्यायच्या. पोट साफ होईना, शौचाला काळं व्हायला लागलं, तेव्हा आल्या.

आधी ते 59 टक्के कुठून आले ते बघितलं. त्यांचं आठवड्याचं सरासरी आयर्न निघत होतं 17 मिलिग्रॅम आणि अ‍ॅप त्याला 29 ने भागत होतं. हा 29 चा आकडा खराच आहे, आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या अहवालातला, मोठ्या बायकांसाठीचा. पण त्याच तक्त्यात शेजारी आणखी एक आकडा असतो, 15, तो अ‍ॅपवाले दाखवत नाहीत. 15 म्हणजे सरासरी गरज, म्हणजे धडधाकट बायकांपैकी साधारण निम्म्यांना तेवढं पुरतं. कुणाला पाळीत जास्त जातं कुणाला कमी, कुणाची गरज किती ते आधी कळत नाही, म्हणून आकडा इतका वर नेलाय की शंभरातल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव जणी त्यात बसाव्यात. फ्री साइज गाऊनसारखं आहे ते, तुम्हाला सैल झाला म्हणून तुम्ही वजन वाढवायला जात नाही ना! 17 म्हणजे 41 टक्के कमतरता असा त्याचा अर्थच होत नाही, तुमची स्वतःची गरज 13 असेल तर 17 भरपूर झाले, 22 असेल तर कमी पडतायत, आणि यातलं काय खरं ते अ‍ॅपला कळायचा मार्गच नाही.

त्यांना सगळ्यात आश्चर्य वाटलं ते गरोदरपणाच्या आकड्याचं. तो आहे 27, म्हणजे नेहमीपेक्षा कमी! कारण पाळी बंद असते आणि त्या काळात आतडं आयर्न जास्त शोषून घेतं. आणि 2010 च्या अहवालात बायकांचा आकडा 21 होता. दहा वर्षांत बायकांची शरीरं बदलली नाहीत हो, हिशोबाची पद्धत बदलली. कॅल्शियमचंही तेच, 600 वरून एकदम 1000.

पण म्हणून आकडे फेकून द्या असं मी म्हणत नाही. शाळेचं जेवण, अंगणवाडीचा आहार, होस्टेलची मेस ठरवायला ते लागतातच. एका बाईच्या एका मंगळवारच्या डब्याला मार्क द्यायला ते केलेलेच नाहीत. शिवाय अ‍ॅपमध्ये भरताना "एक वाटी मेथी" लिहिलं तर वाटी केवढी, भाजी घट्ट की पातळ, भाकरी बाजरीची की ज्वारीची, इथेच तीन-चार मिलिग्रॅम इकडचे तिकडे होतात. ताईंनी तर ज्वारीची भाकरी "रोटी" म्हणून टाकली होती, म्हणजे गव्हाची!

मग रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन 12.7, फेरिटिनही, म्हणजे शरीरातला आयर्नचा साठाही, ठीक. गोळी त्यांनी जेमतेम आठवडाभरच घेतली होती, तेवढ्यात एवढा फरक पडत नाही, म्हणजे जेवणातूनच भागत होतं. एका दिवसाची वरची मर्यादा 45 मिलिग्रॅम धरलीय आणि या स्वतःच्या मनाने 60 ची गोळी रोज घेत होत्या. सरकारी अ‍ॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमातसुद्धा गरोदर नसलेल्या आणि अंगावर पाजत नसलेल्या बायकांना 60 ची गोळी आठवड्यातून एकदाच असते. डॉक्टरांना विचारून ती बंद केली. जेवणातलं आयर्न नीट शोषलं जावं म्हणून चहा जेवणानंतर तासाभराने, आणि भाजीवर लिंबू पिळायचं, बाकी जेवणात मी काही बदललं नाही.

रिपोर्टमध्ये कमी निघालं ते व्हिटॅमिन बी-12, आणि त्याचा अ‍ॅपमध्ये रकानाच नव्हता! दूध-दही फारसं नाही, अंडं नाही, त्यामुळे मला शंका होतीच. इथे मात्र "मग रोजच्या शिफारशीएवढं घेते" म्हणून चालत नाही, कारण ती शिफारस निरोगी माणसाची पातळी टिकवायला असते, रिकामी झालेली टाकी भरायला नाही. उपचाराचा डोस वेगळा, तो डॉक्टरांनी सुरू केला.

निघताना पर्समधून त्यांनी सासऱ्यांच्या प्रोटीन पावडरचा डबा काढला. "यांचं प्रोटीन अ‍ॅपमध्ये कमी दिसतंय, देऊ ना?" सासऱ्यांचं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनीचं काम मंदावल्याची खूण. वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रोटीनचा आकडा निरोगी माणसाचा, तो त्यांना लागूच होत नाही. डबा उघडू नका म्हटलं, आधी किडनीच्या डॉक्टरांना दाखवा.