काझिम्येश दोल्नी: गाव नकाशात वर, नावात खाली

प्रश्न असा आहे: पोलंडबद्दलच्या एका मराठी लेखात ‘कासिमिर्झ डोलनी’ या नदीकाठच्या गावाचं नाव वाचलं. त्याचा खरा उच्चार काय? आणि ‘डोलनी’ म्हणजे आपल्या ‘खुर्द’सारखं काही आहे का?

आधी उच्चार. ‘काझिम्येश दोल्नी’ असं लिहिलं तर मूळ उच्चाराच्या बरंच जवळ जाता येतं. यातला ‘झि’ म्हणताना ‘माझी’मधला झ डोळ्यांपुढे ठेवावा, ‘माझा’मधला नव्हे. शेवटी र आणि झ ही दोन अक्षरं दिसत असली तरी ती जोडी मिळून एकच ध्वनी होतो, आणि शब्दाच्या टोकाला तो श किंवा ष असा ऐकू येतो. म्हणून ‘मिर्झ’ चूक. पोलिश त-द आपल्यासारखेच दंत्य आहेत. ते इंग्रजीच्या वाटेने आले की आपण उगाच ट-ड करतो, म्हणून ‘डोलनी’ऐवजी ‘दोल्नी’ लिहावं. ‘व्हिस्चुला’ नदीचंही तेच झालं आहे. तिच्या काठचे लोक तिला ‘विस्वा’ म्हणतात.

आता ‘दोल्नी’. याचा अर्थ ‘खालचा’. हे विशेषण मराठीप्रमाणेच लिंगानुसार बदलतं: दोल्नी, दोल्ना, दोल्ने, म्हणजे खालचा, खालची, खालचं. ‘खुर्द’शी तुलना मात्र अर्धीच जमते. एकाच नावाच्या दोन गावांत फरक करायचा हा हेतू सारखा आहे, पण खुर्द-बुद्रुक ही फारसीतून आलेली जोडी लहान-मोठं सांगते आणि दोल्नी नदीचा प्रवाह सांगतं. दुसरं काझिम्येश क्राकुफ (क्राकॉव) शहराजवळ आहे. राजा थोर काझिम्येशने ते 1335 मध्ये स्वतंत्र शहर म्हणून वसवलं आणि आता ते क्राकुफचाच एक भाग आहे. ते विस्वाच्या वरच्या अंगाला, आणि आपलं गाव प्रवाहाबरोबर बरंच खाली, लुब्लिनच्या मुलखात, उजव्या तीरावर. विस्वा उत्तरेकडे वाहते, त्यामुळे नकाशात ‘खालचं’ काझिम्येश वर दिसतं आणि वाचणारा गोंधळतो. श्लॉन्स्क म्हणजे सायलेशिया प्रांताचंही असंच आहे. ‘दोल्नी श्लॉन्स्क’ नकाशात वायव्येला आहे, कारण ओद्रा नदी तिकडे वाहत जाते.

‘खालचं’ म्हणून ते कमी दर्जाचं होतं असं मुळीच नाही. सोळाव्या शतकात आणि सतराव्याच्या पूर्वार्धात हे गाव धान्याच्या व्यापारावर गब्बर झालं होतं. आसपासच्या जमीनदारांचं धान्य इथल्या कोठारांत साठायचं आणि होड्या-तराफ्यांवरून गदान्स्क बंदराला जायचं. या कोठाराला पोलिशमध्ये ‘स्पिख्लेश’ म्हणतात. हा शब्द जर्मनमधून आला आहे आणि त्याच्या मुळाशी लॅटिन ‘स्पिका’, म्हणजे कणीस आहे. स्थानिक चुनखडीची, नक्षीदार दर्शनी त्रिकोणांची अशी काही कोठारं अजून उभी आहेत.

पैसा कसा होता हे बघायचं तर चौकातली प्शिबिवा भावांची जोडघरं बघावीत. मिकोवाय आणि क्षिश्तोफ या दोघा भावांची ही घरं 1615 ची आहेत. दोघांनी आपापल्या नावाचा संत दर्शनी भिंतीवर भला मोठा कोरून घेतला: एकावर संत निकोलस, दुसऱ्यावर बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा संत ख्रिस्तोफर. नदीच्या जिवावर मोठ्या झालेल्या घराला याहून चपखल संत कुठला मिळणार!

पुढची उतरण थोडक्यात सांगतो. सतराव्या शतकाच्या मध्यात स्वीडिश फौजांनी गाव जाळलं, साथी आल्या, नदीने पात्र बदलून गावापासून अंतर धरलं, शेजारी सत्तांनी केलेल्या पोलंडच्या फाळण्यांनी गदान्स्कची वाट अडवली. रशियन झारच्या राजवटीने 1869 मध्ये शहराचा दर्जाही काढून घेतला. तो परत मिळाला 1927 मध्ये.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते याहून जुनं नाव: ‘व्येत्श्ना गुरा’, वाऱ्याची टेकडी. बाराव्या शतकात न्यायी काझिम्येश या राजाने ही वस्ती क्राकुफजवळच्या जोगिणींच्या मठाला दिली आणि त्यांनी त्याच्या नावावरून तिला काझिम्येश म्हटलं, असं परंपरा सांगते. म्हणजे दोन काझिम्येश, दोन वेगळ्या राजांची. जुन्या नावातला ‘व्यात्र’ (वारा) आपल्या ‘वात’चा भाऊबंद आहे, दोन्ही ‘वाहणे’ या अर्थाच्या एकाच प्राचीन धातूतून आलेले. ‘गुरा’ आणि संस्कृत ‘गिरि’ यांचंही मूळ एकच. याच ‘गुरा’पासून ‘गुर्नी’ म्हणजे ‘वरचा’ हा शब्द बनला, ‘दोल्नी’चा नेमका विरुद्धार्थी.

गावाला आणखी एक नाव आहे: ‘कुझमिर’. हे यिद्दिश या पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतलं. दुसऱ्या महायुद्धाआधी इथली सुमारे निम्मी वस्ती ज्यू होती. नाझींनी त्यांच्या कबरींचे दगड उपटून गावातल्या मठाच्या अंगणात फरशीसारखे बसवले, आणि 1942 मध्ये माणसांना मृत्युछावणीकडे नेलं. त्या दगडांच्या तुकड्यांची स्मारकभिंत 1984 मध्ये गावाबाहेर उभी राहिली. हसिदी या ज्यू भक्तिपंथाच्या परंपरेत मात्र ‘कुझमिर’ हे एका गुरुघराण्याचं नाव म्हणून आजही चालू आहे. येहेझ्केल ताउब हे त्याचे मूळ गुरू. म्हणून जुन्या ज्यू लेखनात किंवा गाण्यांत कुझमिर दिसलं, तर ते हे गाव असू शकतं.