पंखे फिरतात, पण स्क्रीनवर काहीच येत नाही. मदरबोर्ड गेला असेल का?

तुमच्या प्रश्नातली लक्षणं अशी: रॅमची दुसरी स्टिक बसवल्यापासून बटण दाबलं की पंखे फिरतात, दिवे लागतात, पण मॉनिटर 'नो सिग्नल' दाखवतो. कधीकधी तीन-चार सेकंदांत सगळं बंद पडतं आणि आपोआप पुन्हा सुरू होतं. कोणीतरी 'बोर्ड गेला, नवीन घ्या' असं सांगितलंय आणि तुम्ही विचारताय, घेऊ का?

अजून घेऊ नका. एवढ्या लक्षणांवरून बोर्ड गेला असं कोणालाच ठामपणे सांगता येणार नाही. मी डेस्कटॉप दुरुस्तीचं काम करते. 'बोर्ड मेला' म्हणून आलेली बरीच मशीन रॅम, पॉवरची एखादी वायर किंवा बायोसचं (बोर्डावरच्या चिपमधला, मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम) सेटिंग एवढ्यावरच सुटतात. बोर्डावर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा, कारण तो तपासायला सगळ्यात अवघड आणि बदलायला सगळ्यात कटकटीचा भाग आहे.

बटण दाबल्यावर आत काय होतं ते समजलं की तपासणीचा क्रम आपोआप लागतो. मशीन बंद असतानाही एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) जांभळ्या वायरवरून बोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत असतो. बटण दाबताच बोर्ड हिरवी वायर ग्राउंडला जोडतो. एसएमपीएससाठी तो 'सुरू हो' हा इशारा. मुख्य व्होल्टेज स्थिरावले की साधारण ०.१ ते ०.५ सेकंदात करड्या वायरवरून 'पॉवर गुड' सिग्नल येतो. त्यानंतरच सीपीयू जागा होतो, बायोसच्या चिपमधल्या पहिल्या सूचना वाचतो, रॅम ओळखून तिचं ट्रेनिंग करतो (म्हणजे तिच्याशी नीट बोलता येईल असा वेग आणि वेळा जुळवतो), मग ग्राफिक्स सुरू करतो आणि सगळ्यात शेवटी चित्र येतं. (बऱ्याच नव्या एसएमपीएसमध्ये सगळ्या वायरी काळ्या असतात, तिथे रंग शोधत बसू नका.)

पंख्यांना मात्र फक्त १२ व्होल्ट लागतात. म्हणजे पंखे फिरले यावरून एसएमपीएस सुरू झाला एवढंच कळतं. सीपीयूनं एक तरी सूचना वाचली की नाही, हे कळत नाही.

तुमचं मशीन तीन-चार सेकंदांनी स्वतःहून परत सुरू होतं, ही मला चांगली खूण वाटते. रॅमचं ट्रेनिंग जमलं नाही की बरेच बोर्ड असंच बंद होऊन पुन्हा प्रयत्न करतात. बटण दाबल्यावर क्षणभर पंखा हलून सगळं गपकन बंद झालं असतं, तर मी आधी शॉर्ट शोधला असता: बोर्डामागे अडकलेला स्क्रू, चुकीच्या जागी राहिलेला स्टँडऑफ (बोर्ड कॅबिनेटपासून उचलून धरणारा छोटा खांब), किंवा शॉर्ट झाल्यामुळे एसएमपीएसला स्वतःला वाचवायला बंद व्हायला लावणारा एखादा जळका भाग.

आता रॅम. तुमची रॅम डीडीआर५ असेल तर आधी थोडा धीर धरा. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना ट्रेनिंगला काही मिनिटं लागू शकतात आणि तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते. अनेक जण तीसाव्या सेकंदाला बटण दाबून बंद करतात आणि ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. एकदा पंधरा मिनिटं हात न लावता तसंच सोडून बघा.

तरीही काही आलं नाही, तर मशीन बंद करा, वॉल सॉकेटमधून वायर काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला चार्ज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्टॅटिक वीज उतरवा. मग नवीन स्टिक काढून ठेवा आणि जुनी एकटीच बसवा. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर एकट्या स्टिकची जागा सीपीयूपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये असते, पण मॅन्युअलमध्ये खात्री करा. काही बोर्डांवर कुलूप एकाच बाजूला असतं, त्यामुळे दुसरी बाजू अर्धवट वर राहिलेली लक्षात येत नाही. दोन्ही टोकं नीट दाबा. सोनेरी संपर्कपट्ट्या काळवंडल्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या स्टिक एकेकट्या उत्तम चालतात आणि जोडीनं चालत नाहीत, हे अगदी नेहमीचं आहे. तसं निघालं तर दोष ना बोर्डाचा, ना रॅमचा.

त्याच वेळी सीमॉस रीसेट करा, म्हणजे बायोसची सेटिंगं मूळ स्थितीत आणा. आधी एक्सएमपी (रॅम जास्त वेगानं चालवणारं सेटिंग) चालू असेल, तर नव्या जोडीला तो वेग झेपला नसेल आणि बोर्ड त्याच सेटिंगवर हट्ट धरून बसला असेल. वायर काढलेली असताना सीआर२०३२ बॅटरी पाच-दहा मिनिटं काढून ठेवा, किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या क्लिअर सीमॉसच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरनं काही सेकंद जोडा. रीसेटनंतर मशीन एक-दोनदा बंद-चालू झालं तर घाबरू नका.

स्टिक बसवताना हात लागून सीपीयूजवळची ४ किंवा ८ पिनांची वायर सैल झाली नाही ना, हेही पाहा. ती निघाली की पंखे फिरतात, दिवे लागतात आणि स्क्रीन कोरी राहते. हुबेहूब तुमचंच लक्षण. ग्राफिक्स कार्डाची ८ पिनांची वायर दिसायला तशीच असते, पण ती इथली नव्हे. आणि मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच लावा. इंटेलच्या ज्या सीपीयूच्या नावाशेवटी 'एफ' असतो, त्यांच्यात अंगचं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे बोर्डाच्या पोर्टातून चित्र येणारच नाही.

आता मला सगळ्यात भरवशाची वाटणारी चाचणी. सगळी रॅम काढा आणि मशीन सुरू करा. बोर्डावर सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट असे चार छोटे दिवे असतील तर कोणता पेटून राहतो ते पाहा. दिवे नसतील तर स्पीकरच्या पिनांवर छोटा बझर लावा. डीरॅमचा दिवा लागला किंवा बीप आली, तर ती आनंदाची बातमी आहे: सीपीयू जागा झाला, त्यानं बायोस वाचला, रॅम शोधली आणि नाही म्हणून तक्रार केली. एवढं करणारा बोर्ड मेलेला नसतो. बीपचे अर्थ बायोसनुसार बदलतात, त्यामुळे सापडेल तो तक्ता न वापरता तुमच्या बोर्डाचंच मॅन्युअल पाहा.

काहीच तक्रार आली नाही, तर बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवा. अँटीस्टॅटिक पिशवीवर ठेवू नका, तिचा पृष्ठभाग वीज वाहू शकतो. सीपीयू, कूलर, एक स्टिक, एसएमपीएस आणि चित्रासाठी लागत असेल तरच ग्राफिक्स कार्ड. बाकी सगळं दूर. पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरनं क्षणभर जोडून सुरू करा. इथं चाललं तर दोष कॅबिनेटमध्ये, स्टँडऑफमध्ये किंवा अडकलेल्या बटणात आहे.

इथंही नाही चाललं, तर एसएमपीएस. मल्टीमीटरवर १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ या मर्यादेत हवी. पण मीटरवर आकडा बरोबर दिसूनही भार आल्यावर कोसळणारे एसएमपीएस मी खूप पाहिलेत, म्हणून खरी परीक्षा चालू मशीनमधला एसएमपीएस लावूनच होते. लावताना त्याच्याच केबली वापरा. मॉड्युलर (एसएमपीएसमधून काढता येणाऱ्या) केबलींची एसएमपीएसकडची जोडणी मॉडेलनुसार बदलते. चुकीची केबल लागली तर डिस्क जळू शकते. आणि एसएमपीएसचं झाकण कधीही उघडू नका, आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) वायर काढल्यावरही धोकादायक असतात.

शेवटी सीपीयू उचलून सॉकेटमध्ये टॉर्च मारून पाहा. एखादी पिन वाकली असेल तर रॅमचा एक चॅनेलच नाहीसा होऊ शकतो. बोर्डावर फुगलेले कपॅसिटर किंवा करपलेला डाग दिसला तर वेगळी गोष्ट. नाहीतर ओळखीचा चांगला एसएमपीएस, ओळखीची चांगली रॅम आणि दुसऱ्या बोर्डावर चाललेला सीपीयू लावूनही तो गप्प राहिला, तरच मी बोर्ड गेला म्हणेन.

तुमच्या बोर्डाचं मॉडेल, दोन्ही स्टिकवरचे नंबर आणि रॅमशिवाय सुरू केल्यावर कोणता दिवा लागला ते इथं लिहा, मग पुढचं नेमकं सांगते.